तिसऱ्या कडव्याची तजवीज

ज्ञान वेळेवर मिळालं तर त्याला ज्ञान म्हणत नाहीत, उशीर म्हणतात. कोरियातल्या सोल शहराच्या दक्षिण भागात राहणारे आम्ही लोक हे सत्य आईच्या पोटातच शिकून येतो. जे बाहेर आल्यावर शिकतात त्यांना हान नदीच्या पलीकडे घर बघावं लागतं. आमच्या वसाहतीत चौथीतलं पोर चौथीचंच गणित करताना आढळलं, तर शेजारणी आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?" सातवीचं करत असेल तर मूल साधारण आहे. त्याच्याही पुढचं करत असेल तर त्याच्या आईला लिफ्टमध्ये आधी वाट मिळते.

ही शिस्त संगीतात आणण्याचा मान हाम सरांचा. सर घरी येऊन संगीताचं शास्त्र आणि गाणी रचण्याची कला शिकवतात. अधिकार मोठा आहे. पूर्वी त्यांनी पाकिटातल्या शेवयांच्या जाहिरातीचं गाणं केलं होतं. गाणं आठ सेकंदांचंच, पण त्यात पाणी उकळण्यापासून तृप्तीपर्यंत सगळं आलं होतं. माझी नात दा-ओन त्यांच्याकडे तिसरीपासून शिकते.

आधी शास्त्र. मेजर कॉर्डने माणूस सुखावतो, मायनरने खचतो, आणि नुसत्या खचलेल्या माणसाला गुण कमी पडतात म्हणून मध्ये एक वळण द्यायचं, हे सर घोकून घेतात. शेवटचं ध्रुवपद अर्धा स्वर वर चढवायचं. चढवलं की ऐकणारा रडतो. (का रडतो, असं एका मुलाने विचारलं होतं. तो हल्ली तायक्वांदोला जातो.)

मग विषय. तिसरीत पहिलं प्रेम, चौथीत प्रेमभंग, पाचवीत नोकरी, कर्ज आणि गावाकडची आठवण, सहावीत मृत्यू. समोरच्या इमारतीतल्या एका पोराचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत, पण निवृत्तीवरची दोन गाणी हातावेगळी झाली आहेत. (दुसऱ्यात पेन्शन पुरत नाही.) सरांच्या पाहणीनुसार लहानपणीच प्रेमभंग उरकून घेतलेल्या मुलांपैकी ब्याण्णव टक्के मुलांना पुढे प्रेमात पडावंसंच वाटत नाही, आणि तो वेळ अभ्यासाला मिळतो. उरलेल्या आठ टक्क्यांच्या पालकांनी शिकवणी अर्धवट सोडली होती.

दा-ओन सहावीत गेली आणि मृत्यूचा धडा आला. ती म्हणाली, आजीवर लिहू का? सरांनी चष्मा पुसला. "आजी गेल्या ना आधीच? मग ती उजळणी झाली. मी उजळणी घेत नाही."

अशा रीतीने माझी निवड झाली. घरात ऐंशी ओलांडलेला मी एकटाच असल्याने स्पर्धा नव्हती.

पोर कामसू आहे. पेन्सिल घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आजोबा, तुम्ही गेल्यावर तुमच्या खोलीला कसला वास येत राहील?"

"गुडघ्याच्या मलमाचा."

"दुसरा काही नाही? जरा कोवळा?"

"संत्र्याची सालं लिही. मी आणून ठेवतो."

"आणि तुमची अशी कुठली गोष्ट, जी मला विचारायचीच राहून गेली?"

मला लिफ्टची वाट पाहताना शीळ घालायची खोड आहे. सूर एकच, जन्मभराचा. तो कुठून आला हे घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "ती शीळ कसली, ते तू कधी विचारलं नाहीस. सांगतो, ऐक. मी तेव्हा—"

तिने दोन्ही कान झाकले. "सांगू नका ना आजोबा. सांगितलंत तर तिसऱ्या कडव्यात काय घालू?"

शास्त्राला धरून होतं. शिळेच्या सुरावर तिने अख्खी चाल बांधली, आणि तिसऱ्या कडव्यात ती शीळ कुठल्या गाण्याची होती हे विचारायचं कायमचं राहून गेलं. गाणं फार छान उतरलं. सून रडली. मुलगा कामावरून आल्यावर एरवी बोलत नाही, तो माझ्या खोलीच्या दाराशी आला, उभा राहिला, आणि दिवा बंद करून गेला. मी आत वाचत होतो.

अडचण पुढे आली. ज्या कलाशाळेच्या प्रवेशासाठी एवढा खटाटोप, तिथे तीस गुण अनुभवाच्या खरेपणाला असतात. परीक्षा शरदात होती, आणि मी चांगला होतो. सुनेने सरांना विचारलं.

"गाण्यात काही दोष नाही," सर म्हणाले, "वस्तुस्थिती अभ्यासक्रमाच्या जरा मागे पडली आहे. घरातल्यांनी मात्र दडपण आणू नये. अशाने ज्येष्ठांवर ताण येतो."

कोणी दडपण आणलं नाही हे मी आवर्जून सांगतो. उलट आतापर्यंत माझी सोजूची दारू मोजून देणारी सून बाटली माझ्यापुढे ठेवून, "घ्या बाबा, मन कशाला मारायचं," म्हणू लागली. रक्तदाबाच्या गोळ्या तिने एकदाही चुकवल्या नाहीत. (संस्कार.) फक्त आकडा बघून झाला की "छानच आहे" हे ती जरा सावकाश म्हणायची. मला स्टुडिओत नेऊन फोटोही काढून घेतला. मेल्यावर फुलांमध्ये ठेवायच्या या फोटोला आमच्याकडे दीर्घायुष्याचा फोटो म्हणतात. फोटोवाल्याने हसायला सांगितलं, सुनेने बेताचं हसायला सांगितलं.

खाली ज्येष्ठांच्या खोलीत माझी पत वाढली. माझा जुना मित्र म्योंग बुद्धिबळाचा पट मांडता मांडता म्हणाला, "अरे प्यो, ऐकलं नातीचं गाणं. फार सुंदर गेलास."

"तुझं काय?"

"माझं कसलं रे. आमचा नातू कम्प्युटरच्या क्लासला जातो. मी गेलो तर फार तर रीस्टार्ट करून बघेल."

परीक्षेच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सुनेने शाळेच्या फाटकाला चिकट गोळी चिकटवली, की पोरगी शाळेला तशीच चिकटावी. मला घरी ठेवायचं ठरलं होतं. पण मी एकटा घरात पडलो-बिडलो तर काय, अशी काळजी सगळ्यांना वाटली. (त्या दिवशी पडून उपयोग नव्हता, गुण वाढायला आधी पडायला हवं होतं.) म्हणून मला मास्क लावून शाळेच्या तळघरातल्या वाहनतळावर, गाडीत बसवलं.

माझ्या वयात काही गोष्टी अभ्यासक्रमाची वाट बघत नाहीत. मी वर गेलो, काम उरकलं, आणि खाली यायला लिफ्टपाशी उभा राहिलो. शेजारच्या दालनाचं दार उघडून एक परीक्षक बाई रुमालाला नाक पुसत बाहेर आल्या. परीक्षार्थीसमोर रडणं पक्षपात धरतात, म्हणून बाहेर येऊन रडायचा तिथे नियम आहे. दार अर्धवट उघडंच राहिलं. आतून माझं शोकगीत येत होतं, आणि मी लिफ्टपाशी उभा होतो. खोड ती खोड. मास्कच्या आतून शीळ निघाली.

बाई थबकल्या. "आजोबा, ही चाल तुम्हाला कशी येते?"

"ऐकून ऐकून."

"आत जी मुलगी गातेय, तिचे आजोबा वारलेत हो. तुम्ही नात्यातले?"

"जवळचाच आहे."

"त्यांना ओळखत होता?"

"लहानपणापासून एकत्र होतो."

बाई कमरेत वाकल्या. मीही वाकलो, दिवंगताच्या वतीने एवढं करायला हवं. मग त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तिचं विचारायचं राहून गेलं, पण तुम्हाला माहीत असेल. ती शीळ कुठल्या गाण्याची होती?"

आयुष्यात हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं. बाई परक्या होत्या, पण विचारलं मनापासून. मी मास्क खाली ओढला, तोंड उघडलं. दाराच्या फटीतून पियानोपाशी बसलेली दा-ओन दिसली. तिनेही मला पाहिलं. बोटं थांबली नाहीत, शिकवण पक्की आहे. फक्त ध्रुवपद अर्धा स्वर चढवायच्या आधी तिने मान नकारार्थी हलवली, एवढीशी.

"नाही हो," मी म्हणालो, "माझंही विचारायचं राहूनच गेलं."

बाई पुन्हा रडायला लागल्या, आणि आत दा-ओनने अर्धा स्वर चढवला. मीही रडलो तो त्यामुळेच असणार. शास्त्रच आहे तसं.

ती पहिली आली. घरी काळ्या सॉसच्या शेवया मागवल्या. मी सांगितलं, "आता विचार गं." तिने आईकडे पाहिलं. आईने सरांना फोन लावला. वसंतातल्या वार्षिक समारंभासाठी शाळेने हेच गाणं निवडलंय, मग रेकॉर्डिंग आहे, तोवर खरेपणाला धक्का नको, असं सरांचं मत पडलं. आणि पुढचा धडा आई-वडिलांचा असल्याने दा-ओन लगेच सुनेकडे वळली. "आई, तू गेल्यावर स्वयंपाकघरात कसला आवाज येत राहील?" तेव्हापासून सून भांडी घासताना काहीतरी गुणगुणते आणि कोणी ऐकतंय का ते मागे वळून बघते.

मी तब्येत सांभाळून आहे. लिफ्टपाशी शीळ घालतो, आणि शेजारी उभे असलेले लोक आदराने गप्प राहतात.

तुम्हीही इथवर गप्प बसून ऐकलंत. ती शीळ कुठल्या गाण्याची, हे विचारायचं तुमच्या ओठांवर आलेलं मला दिसतंय. सांगायला माझी ना नाही. पण तुमच्या घरातही एखादं म्हातारं माणूस भाजी निवडताना काहीतरी पुटपुटत असेलच, आणि ते काय हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. मी आपला समजत होतो तुम्हाला वेळ होत नसेल. आता कळलं, तुम्हीही हाम सरांचेच विद्यार्थी. चालू द्या. कडवं छान होईल.