रस्त्यावरून दिसलं पाहिजे

महिन्याच्या एक तारखेला सकाळी आमच्या गल्लीत एखादा टेम्पो ठणाणा भोंगा वाजवत अडकलेला दिसला, की समजावं, नाना खासनीस रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात मिटलेली काळी छत्री, मग ऊन असो वा नसो. मागे भोंगा वाजतो, रिक्षावाला त्यांच्या खानदानाची चौकशी करतो, आणि नाना डोळे बारीक करून माझ्या दुकानाकडे बघत असतात. मग तिथूनच ओरडतात, "अहो चष्मेवाले, वरची रांग धुळीनं भरलीय! इथून दिसतंय!"

चष्मेवाला म्हणजे मी. बुधवार पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. त्या वेळी नेमकं एखादं गिऱ्हाईक समोर बसून फळ्यावरची अक्षरं वाचत असतं. ते अक्षरं सोडून धूळ वाचायला लागतं.

या प्रकाराला आमच्या गल्लीत 'यंदाचं' म्हणतात. दिवाळी पाडव्याला वहीपूजन उरकलं की आम्ही सगळे दुकानदार नानांच्या छत्र्या-बॅगांच्या दुकानात जमतो. चिवडा असतो, बेतानं साखर घातलेला चहा असतो, आणि मग नाना एकेकाला विचारतात, "हं, यंदाचं काय?" म्हणजे येत्या वर्षात धंद्यात तुम्ही काय करणार ते बोला. कंपन्यांतले साहेब यासाठी म्हणे हॉटेलात जाऊन दोन दिवस राहतात. नानांचं काम चहा गार व्हायच्या आत होतं. "एकच सांगा. साधं सांगा. आणि रस्त्यावरून दिसलं पाहिजे," एवढंच त्यांचं शास्त्र.

पहिल्या वर्षी मी आपला सरळ मनानं म्हणालो होतो, "यंदा धंदा वाढवायचा."

"कुठून दिसणार?"

"वाढला की दिसेलच."

"वाढल्यावर कुणालाही दिसेल हो. वाढवताना काय दिसेल ते सांगा. तुमच्या मनातलं तुमच्यापाशी. दुकान रस्त्यावर आहे, तर काम रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

नानांनी माझं ध्येय छाटत छाटत 'शोकेसमधल्या फ्रेमा रोज पुसणे' इथपर्यंत आणून ठेवलं. आजतागायत ते तिथेच आहे. जन्मभर लोकांच्या डोळ्यांपुढचं धूसर घालवत आलो आणि वाट्याला आलं फडकं. बरं, पुसून उपयोग काय? हल्ली माणसं येतात, दहा फ्रेमा घालून बघतात, आरशात स्वतःचे फोटो काढतात आणि घरी जाऊन फोनवरून मागवतात. पुसलेल्या फ्रेमा फोटोत बऱ्या येतात, एवढाच काय तो फायदा.

माझ्या शेजारी लेल्यांचं पुस्तकांचं दुकान. लेले गिऱ्हाइकाला पुस्तक सोडून बाकी सगळं देतात. एका पाडव्याला नानांनी त्यांना 'गिऱ्हाइकाकडे बघून हसणे' हे यंदाचं लावून दिलं आणि पुढच्या एक तारखेला समोरच्या फुटपाथवर तपासणीला उभे राहिले. एक कॉलेजची मुलगी पुस्तक घेऊन बाहेर पडली. नाना रस्ता ओलांडून आले.

"हसला नाहीत तुम्ही."

"हसलो."

"दात दिसले नाहीत."

"दुपारचे काढून ठेवलेले असतात," लेले म्हणाले. नानांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि सकाळी पुन्हा बघायला आले.

नानांचं स्वतःचं यंदाचं काय, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ते रस्त्यावरून दिसायचं.

त्यांच्या काउंटरच्या अलीकडे, अगदी दर्शनी जागेत, वेताची एक खुर्ची असते. तोंड रस्त्याकडे. नाना ती रोज सकाळी गणपतीच्या तसबिरीच्या आधी पुसतात. तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. दगडूशेठचं दर्शन घेऊन दमलेल्या एखाद्या आजी टेकायला गेल्या, तर त्यांना आतलं स्टूल आणून देतात, पाणी देतात, पण खुर्ची देत नाहीत. "माणूस यायचाय," म्हणतात. कोण यायचंय, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. यायचा माणूस रस्त्याच्या पलीकडेच बसलेला असायचा.

समोर, रस्ता ओलांडला की तीन पायऱ्या वर, छत्र्या-बॅगांचंच दुसरं दुकान होतं. पाटी 'खासनीस बंधू'. इकडे नानांच्या दुकानावरची पाटीही 'खासनीस बंधू'. दोन्हीकडे बंधू म्हणून लिहिलेलं आणि बंधू एकमेकांशी बोलत नव्हते. समोरचा शरद, नानांचा धाकटा भाऊ. चुकून त्याच्याकडची छत्री दुरुस्तीला घेऊन कुणी नानांकडे आलं, तर नाना म्हणायचे, "हा माल समोरच्यांचा." मग तिची काडी निमूट बसवून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत आणि बजावायचे, "समोर सांगू नका."

पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं. अशाच एका पाडव्याला, वहीपूजनाला आम्ही सगळे जमलेलो असताना, शरदनं मोठ्या उत्साहात सांगितलं की यंदा हिंजवडीला शाखा काढायची. कंपन्यांची पोरं, प्रत्येकाच्या पाठीवर बॅग, मोठा धंदा आहे. त्यानं जागासुद्धा बघून ठेवली होती. नाना वहीवर कुंकू लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी इथला काउंटर पुसायला शिका. मग हिंजवडी."

आम्ही हसलो. पुण्यात असं वाक्य टाकलं की टाकणाऱ्याला दाद मिळते, आणि ज्याच्यावर टाकलं त्यानंही हसायचं असतं. शरद हसला नाही. हातातला पेढा त्यानं ताटात परत ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच समोर दुकान थाटलं. हिंजवडीची शाखाही काढली, ती काही वर्षं चालली आणि बंद पडली. ती बंद झाल्याचं कळलं तेव्हा लेले नानांना म्हणाले, "तुमचंच खरं झालं." नाना लेल्यांशी महिनाभर बोलले नाहीत.

तर हे 'यंदाचं' सुरू झालं ते शरद वेगळा झाल्यावरच्या पाडव्याला. नानांनी दारोदार जाऊन आमंत्रण दिलं. समोरच्या तीन पायऱ्यांपाशी थांबले, वर चढले नाहीत, खालूनच शरदच्या नोकराला म्हणाले, "सगळ्या गल्लीला बोलावलंय म्हणावं." सगळी गल्ली आली, शरद आला नाही. पुढे दर पाडव्याला तसंच, आणि दर एक तारखेलाही तसंच. नाना एकेका दुकानात शिरायचे, "कुठवर आलं?" विचारायचे, त्या पायऱ्यांपाशी घोटाळायचे आणि छत्री टेकत पुढे जायचे. आम्हा सगळ्यांच्या धंद्याला शिस्त लावायचा एवढा खटाटोप कशासाठी चाललाय ते न कळण्याइतके आम्ही खुळे नव्हतो. पण बोललं कुणीच नाही. आमच्या गल्लीत कुणाला टोमणा मारायचा असेल तर दहा जण पुढे येतात. चांगलं काही सांगायचं असेल तर ज्याचं त्यानं बघावं.

गेल्या पाडव्याला प्रणव पहिल्यांदाच आला. हा मोबाइलची कव्हरं विकतो, धंद्यात नवीन. नानांनी विचारलं तसा तो सुरू झाला, "काका, माझं फुल प्लॅनिंग रेडी आहे. सेल डबल, इन्स्टावर रोज एक रील, आणि इयर एंडपर्यंत मांजरी गावात सेकंड शॉप. तिकडे सगळ्या नव्या सोसायट्या आहेत, तुफान स्कोप आहे."

आम्ही चिवडा चघळायचे थांबलो. आता नाना कात्री काढणार, हे उघड होतं. लेले तर पुढे सरकून बसले.

नानांनी चिवड्याची बशी हातात घेतली. "सेल आणि ते रील काय ते, सोडा," ते म्हणाले. "दुसऱ्या दुकानाचं ठेवा. ते मी कापत नाही. जागा बघितलीत का?"

"बघितलीय ना."

"मग काढा. न्यायला-आणायला पिशव्या लागतील त्या माझ्याकडून घेऊन जा."

आणि तेवढ्यात दारात शरद उभा.

इतक्या वर्षांत तो रस्त्याच्या या बाजूला आला नव्हता. केस पिकलेले, पण उभं राहायची पद्धत नानांचीच. "ये," नाना म्हणाले. खुर्ची त्यांनी हातानंच जरा पुढे सरकवली. "बस."

"उभ्यानं सांगतो," शरद म्हणाला. "यंदाचं सांगायला आलोय. दुकान बंद करतोय. जागा दिली. एकच आहे, साधं आहे, आणि रस्त्यावरून दिसेल."

या वेळी कुणी हसलं नाही. एवढं तयार वाक्य मी पुण्यातही ऐकलेलं नाही. किती वर्षं घासून ठेवलं होतं, देव जाणे.

"चहा घेशील?" नानांनी विचारलं.

"झालाय," म्हणून शरद पायऱ्या चढून आपल्या दुकानात गेला.

नानांनी बशी खाली ठेवली. "हं, लेले. यंदाचं काय?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. लेल्यांनी आयुष्यात प्रथमच वाद न घालता उत्तर दिलं. म्हणाले, "हसेन."

दिवाळीनंतर समोरचं शटर खाली आलं. पाटी उतरवली. शरद नाशिकला मुलीकडे राहायला गेला. मी नानांना म्हणालो, "फोन तरी करा." तर म्हणाले, "फोन काय हो, कानात बोलायचं यंत्र. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो, ते फोनवर कसं निस्तरणार? सगळ्यांसमोरच त्याला बसवायचं होतं."

मग एक तारीख आली. सवयीनं मी फडकं घेऊन शोकेसपाशी गेलो. पण नाना रस्त्याच्या मधोमध थांबलेच नाहीत. सरळ पलीकडे गेले आणि त्या तीन पायऱ्या चढले. बंद शटरला पाठ लावून उभे राहिले, आपल्या दुकानाकडे बघत. एकदा वाकून बघितलं. एकदा उजवीकडे सरकून. एकदा चवड्यांवर उंच होऊन. मग माझ्याकडे आले आणि फ्रेमांकडे न बघता बसले.

"चष्मेवाले, ती खुर्ची तुम्हाला दिसायची ना?"

"दिसायची की. सगळ्या गल्लीला दिसायची."

"मीही दर एक तारखेला रस्त्यात उभा राहून आधी तीच बघायचो, मग तुमच्या फ्रेमा." त्यांनी छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "त्याच्या दुकानातून दिसत नाही हो. वर चढलं की माझ्या दारात टांगलेल्या छत्र्या मध्ये येतात. ओळीनं नुसत्या छत्र्या."

"पण येता-जाता रस्त्यावरून दिसली असेलच."

"मान खाली घालून जायचा. मी बघत असायचो ना. मला वाटायचं, दुकानात बसल्यावर तरी बघत असेल."

मला फार वाईट वाटलं, आणि संतापही आला. नानांचा आला, शरदचा आला, आमचाही आला. त्याला दिसतंय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी नानांनी स्टुलावर चढून दारातली छत्र्यांची ओळ काढून टाकली. छत्रीच्या दुकानाला आता बाहेरून एकही छत्री दिसत नाही. लेले म्हणाले, धंदा बुडणार. नाना म्हणाले, "बुडू दे."

समोर आता कुठल्याशा कंपनीच्या दुकानासाठी मोठी काच बसवायचं काम चाललंय. कारागीर दुपारी त्या पायऱ्यांवर बसून डबे खातात. त्यांना खुर्ची अगदी स्वच्छ दिसते. परवा त्यांच्यातला एक जण रस्ता ओलांडून आला आणि नानांना म्हणाला, "काका, ती खुर्ची रिकामीच आहे, तर जेवण होईपर्यंत नेऊ का?"

नानांनी त्याला आतलं स्टूल आणून दिलं. "खुर्ची नको," ते म्हणाले. "माणूस यायचाय."