हाराचा फोटो

ऑपरेशनला जाताना माणसं पिशवीत टॉवेल, टूथब्रश आणि जुने रिपोर्ट भरतात. दीनानाथ बर्व्यांची पिशवी मात्र रिकामीच होती. हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, आणि डॉक्टरांनी "घाबरण्यासारखं काही नाही" असं सांगितल्यापासून ते घाबरले होते.

"आधी भिंतीवरचा, हार घालायचा फोटो. तो झाल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही," त्यांनी बायकोला, मंदाकिनीबाईंना बजावलं. "तुमच्यावर सोडलं तर आधार कार्डावरचा लावाल."

ही भीती उगाच नव्हती. त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाचा, श्यामरावांचा फोटो लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढला होता. कापताना खांद्यावरचा मेहुण्यांचा हात तसाच राहिला. मेहुणे ठणठणीत. आपल्या जित्या हाताला हार पडतो हे कळल्यापासून त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

तेव्हा मंदाकिनीबाईंचा भाचा अवधूत हडपसरहून मित्राचा कॅमेरा, स्टँड आणि स्क्रीन नीट दिसावी म्हणून डोक्यावरून घ्यायचा काळा पडदा घेऊन शनिवार पेठेत बर्व्यांच्या घरी हजर झाला. ऑटो मोड बावळटांसाठी असतो, एवढं एकच ज्ञान त्याने एका कार्यशाळेतून आणलं होतं. इमारतीला रंगकामासाठी हिरवी जाळी लावलेली, बाहेर आभाळ भरलेलं. भर दुपारी दिवाणखान्यात विहिरीच्या तळाशी असावा तसला उजेड पडला होता.

"काका, मॅन्युअल मोड आहे, सगळं आपल्या हाताने ठरवायचं. आणि हा एक्स्पोजर प्रिव्ह्यू. फोटो कसा येणार ते आधीच स्क्रीनवर दिसतं."

"म्हणजे पुढचं दिसतं?" दीनानाथांनी विचारलं.

"उजेडापुरतं," अवधूत म्हणाला. हे त्यांनी ऐकलंच नाही.

पहिला फोटो स्वच्छ आला.

"शर्ट पांढरा आहे माझा. हा राखाडी दिसतोय. पुढची वीस वर्षं मळक्या शर्टात लोंबकळायचं का मी?"

अवधूतने जास्त उजेड यावा म्हणून शटर मंद केलं, म्हणजे ते काही क्षण उघडंच राहील असं ठेवलं. स्क्रीनवर शर्ट राखाडीच. आणखी मंद केलं. तरी तेवढाच राखाडी. तो जेवढा उजेड वाढवी, तेवढा आतून कोणीतरी गुपचूप काढून घेत होतं. अवधूतच्या मानेवर काटा आला, पण कार्यशाळेची फी आठवून त्याने बटण दाबलं.

टक्! दुसऱ्या फोटोत दीनानाथांचा चेहरा पुसट झाला. तिसऱ्यात त्यांच्या छातीतून मागचं भिंतीवरचं घड्याळ दिसू लागलं. चौथ्यात नुसती खुर्ची होती, आणि तिच्यावर धुरासारखं काहीतरी. खुर्ची तीच, उजेड तोच, माणूस तेवढा कमी कमी होत चालला होता.

बाहेर हिरवी जाळी वाऱ्याने फुगली आणि परत बसली.

"कॅमेरा बिघडलाय मेला. मी बसून बघते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या बसल्या. फोटोत मंगळसूत्राचा मणी न् मणी मोजून घ्यावा इतक्या स्पष्ट आल्या.

"हिचं पुढचं दिसतंय," दीनानाथ हळूच म्हणाले. "माझं नाही. अवधूत, दवाखान्यात फोन कर. ऑपरेशन रद्द."

अवधूतने घाम पुसत स्क्रीनवरचं सगळं पहिल्यांदाच नीट वाचलं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड ओढून घ्यायची ताकद, ऑटोवर राहिली होती. शटर मंद केलं की ती आपणहून कमी होई आणि केलेल्या कष्टांवर पाणी पडे. त्याने ऑटो बंद केलं. स्क्रीनवर खुर्चीपाठची भिंत लख्ख उजळली.

"शर्टाचं कळलं, मावशी. पण काका कुठे जातात?"

"दोन टक् वाजतात रे," मंदाकिनीबाई विचार करत म्हणाल्या. "एक सुरुवातीला, एक शेवटी. तू त्या काळ्या पडद्यात डोकं घालून बसतोस, आणि हे पहिल्या टक्‌लाच उठतात."

"नीट आला की नाही बघायला नको?" दीनानाथ म्हणाले.

"जन्मभर तेच केलंत. बसा!"

पुन्हा तिघे आपापल्या जागी गेले. टक्! दीनानाथ उठणार, तोच मंदाकिनीबाईंनी खुर्चीमागून त्यांचा खांदा दाबून धरला. दुसरा टक् वाजेपर्यंत दोघांनी श्वासही घेतला नाही.

फोटो सुरेख आला. शर्ट पांढराशुभ्र, चेहरा ठळक. आणि खांद्यावर, अंधारातून आल्यासारखा, बांगड्यांचा एक हात.

"काप तो," दीनानाथ ओरडले. "श्यामदादाचं झालं तेच झालं की!"

"कापायचा नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हात माझा आहे, आणि मी जिवंत आहे. माझ्या जित्या हाताला हार मी खपवून घेणार नाही. म्हणजे मी असेपर्यंत हा फोटो भिंतीवर लागत नाही. तेव्हा उद्या दवाखान्यात जायचं आणि मुकाट्याने परत यायचं."

दीनानाथांनी बायकोकडे पाहिलं, मग फोटोकडे. ते उठले आणि पिशवीत टूथब्रश टाकायला आत गेले.