डॉक्टरला कोण बघतंय?

आमच्या रुग्णालयाचे एक ट्रस्टी, चनबसप्पाअण्णा, काहीही झालेलं नसताना वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर जाऊन झोपायचे. चप्पल खाटेखाली, चादर गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले. मग हळूच घंटीचं बटण दाबायचं आणि कोण येतंय, आल्यावर पहिलं काय विचारतंय, ते बघायचं.

एकदा एका नव्या सिस्टरनं त्यांना खरंच पेशंट समजून वॉर्डबॉयकरवी स्ट्रेचरवर घातलं आणि एक्स-रेला पाठवलं. अण्णा गप्प. लिफ्टमधून खाली आले तरी गप्प. एक्स-रेच्या दारात मात्र ताडकन उठून बसले. "मी कोण हाय ते कोण इचारणार? पाय कुणाचा मोडलाय आन् फोटो कुणाचा काढताय?" बाकावर बसलेली एक म्हातारी घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली.

मी तिथे ऑफिसात काम करते. ट्रस्टींच्या बैठका ठरवायच्या, चहा सांगायचा, झालेलं बोलणं लिहून काढायचं, हे माझ्याकडे. त्यामुळे अण्णा माझ्या वाट्याला जरा जास्तच आले. राहायला शुक्रवार पेठेत, टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तो पुतण्याच्या हाती दिल्यापासून अण्णांची सकाळ आमच्याकडे उजाडायची. टेकणं म्हणून नाही. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय घासून बघ, खाटेचा कठडा हलवून बघ, सलाईनची बाटली नाकाशी धरून तारीख वाच. टॉवेलचा पोत बघावा तशी गादी दोन बोटांत धरून चाचपायचे. मग माझ्या टेबलाशी येऊन, उभ्या उभ्याच: "कांबळेबाई, हे कोण बघतंय?"

'हे' म्हणजे काय, ते आपण ओळखायचं.

आमचे अध्यक्ष माणूस चांगला, पण त्यांचा जीव नव्या इमारतीच्या दर्शनी भागात अडकलेला. ग्रॅनाइट काळा की तांबूस, यावर बैठकीत दोन-दोन वेळा चहा व्हायचा. अण्णा मधेच विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. पेशंट घसरून किती पडले? औषध कुणाचं कुणाला गेलं?"

"अण्णा, पेशंटचं डॉक्टर बघतात. आपण ट्रस्टी."

"व्हय की. डॉक्टर पेशंटला बघतंय. डॉक्टरला कोण बघतंय?"

यावर अध्यक्ष मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे बघत आणि डॉक्टरसाहेब कागद वाचून दाखवत: चुका, शून्य. अण्णा खुर्ची मागे सारून उठत. "शून्य? माझ्या कारखान्यात डाग शून्य आले, की मी तपासणाऱ्याला बघून यायचो. झोपलेला असायचा!"

गेल्या उन्हाळ्यात मात्र शून्य मोडलं.

बायकांच्या वॉर्डात एकाच वेळी दोन महादेवी आल्या. एक मोहोळची, साखरेचा आजार असलेली. दुसरी दुधनीची, पाय मोडलेली. शोभा सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन गेली आणि पाय मोडलेल्या बाईला विचारलं, "महादेवी ना?" बाई म्हणाली, व्हय. दंड पुसून झाला, सुई टेकणार, तेवढ्यात शोभाला प्लास्टर दिसलं. तिनं गाव विचारलं. दुधनी. सुई तिथेच थांबली. ते इंजेक्शन गेलं असतं, तर साखर उतरून बाई बेशुद्ध पडली असती, कदाचित उठलीही नसती.

कुणी पाहिलं नव्हतं. शोभानं स्वतःच मेट्रनना जाऊन सांगितलं, रडत.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक. अध्यक्ष म्हणाले, "बाहेर कळलं तर आपलं नाव जाईल. मुलीला निलंबित करू, विषय संपवू." शोभा बाहेरच्या बाकावर बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्या पगारावर घर चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

अण्णा टेबलाभोवती चालायला लागले. एक फेरी, आणखी एक. त्यांच्यामागे माना फिरवून आम्ही दमलो.

"पोरीनं सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. व्हय की न्हाय? आज तिला घरी बसवा. उद्यापासनं समद्या वॉर्डातनं शून्यच यील. लई छान शून्य!" मग ते अचानक डॉक्टरसाहेबांसमोर थांबले. "साहेब, खरं सांगा. ह्याच्या आधी असं कधीच झालं न्हाय?"

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "मला माहीत नाही, अण्णा," ते म्हणाले. "कुणी सांगितलं नाही, म्हणून शून्य लिहिलं."

त्यानंतर ग्रॅनाइट मागे पडला. शोभाची नोकरी राहिली. एकाच नावाचे पेशंट शेजारी ठेवायचे नाहीत, प्रत्येकाच्या मनगटावर नावाबरोबर गावही बांधायचं, आणि बैठक काय चुकलं इथूनच सुरू करायची, असं ठरलं. अध्यक्षांनी मान हलवली, नाइलाजानं का होईना.

"आता त्या बाईला कोण सांगणार?" अण्णांनी विचारलं.

"तिला काही झालं नाही, अण्णा. सांगायचं कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

अण्णा जिन्याकडे निघाले. अध्यक्षांनी मला खूण केली, मी मागे धावले.

दुधनीच्या महादेवीअक्का खाटेवर बसून होत्या. लेक औषध आणायला गेलेली. अण्णा त्यांच्याशी कानडीत बोलले. मला कानडी अर्धीमुर्धी कळते, पण हात जोडलेले कळायला भाषा लागत नाही. आमच्या माणसाच्या हातून चूक होणार होती, ती थोडक्यात टळली, तुम्हाला कळायला पाहिजे, असं ते सांगत होते.

अक्कांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, त्या पोरीला रागवू नका, तिनंच विचारलं की. आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "ऊटा आतेनु?"

जेवलात का?

दिवसभर सगळ्यांना प्रश्न विचारणारा माणूस एवढ्या साध्या प्रश्नाला अडला. अक्कांनी उशाचं फडकं सोडलं, कडक भाकरी मोडली, तिच्यावर शेंगाचटणी घातली आणि हात पुढे केला.

"मन्याग यारू इल्ल," अण्णा हळूच म्हणाले. घरात कोणी नाही. मग बरंच काही बोलले, एकसारखं, खालच्या आवाजात. त्यातलं बायकोचं नाव तेवढं मला कळलं. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या, तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी अण्णा कामाला हजर, म्हणून कुणी पुढे काही विचारलं नव्हतं.

अक्का मोडलेला पाय सावरत जरा सरकल्या. अण्णा खाटेच्या कडेला टेकले आणि भाकरी खायला लागले.

मी दारात घुटमळत होते. त्यांनी मान वर केली.

"कांबळेबाई, तुमी जावा वर," घास गिळत ते म्हणाले. "अध्यक्षांना सांगा, अण्णा जेवाय बसलंय."