एकसष्ट अधिक बत्तीस

माणसाच्या अंगी दया किती आहे हे मोजता येत नाही, असा पूर्वी एक समज होता. तो दूर करण्याचं श्रेय एका टीव्ही वाहिनीच्या प्रेक्षक अभिप्राय विभागाला द्यायला हवं. या विभागात दोन टेबलं, एक पंखा आणि एक बाई आहेत. ‘अर्धा चंद्र, पूर्ण माया’ ही मालिका सुरू झाल्यापासून बाईंनी तीस हजारांवर पत्रं वाचली आणि देशाची दया चार रकान्यांत बसवली: डोळे पाणावले, रडू आले, ढसाढसा रडलो आणि रडण्यामुळे पुढचे दिसले नाही. (चौथा रकाना चिंताजनक मानतात. त्या प्रेक्षकाला जाहिरातीही दिसत नाहीत.)

मालिका पिलू नावाच्या मुलाची. पिलूला चालता येत नाही आणि बोलणं अडखळत येतं. तो खिडकीत बसून पाखरं बघतो आणि आई त्याच्याकडे बघून रडते. आठ महिने हे असंच चाललं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती. पिलूचं काम करणारा पोरगा मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळतो. स्टुडिओ बघायला पाहुणे येतात तेव्हा त्याला पळायची बंदी असते, कारण पाहुण्यांचा हिरमोड होतो.

बाईंची स्वतःची लेक आठ वर्षांची. तिलाही चालता येत नाही आणि शब्द ताणून ताणून येतात. पण ती खिडकीत बसत नाही, कारण तिला पाखरांत रस नाही. तिला भांडणात आणि भूमितीत रस आहे. मालिका मात्र ती रोज बघते. शेजारी आजी, म्हणजे बाईंच्या सासूबाई, रुमाल घेऊन बसतात. पिलू पडद्यावर आला की त्यांचा कंठ दाटतो आणि त्या नातीला म्हणतात, "ती चाकाची खुर्ची जरा बाजूला घे गं, काही दिसत नाहीये."

शेवटचा भाग जवळ आला तसं वाहिनीने लोकांनाच विचारलं: पिलूचं काय व्हावं? एकसष्ट टक्के म्हणाले, चालायला लागावा. बत्तीस टक्के म्हणाले, जावा. (मात्र शांतपणे, आईच्या मांडीवर आणि शक्यतो रविवारी, कारण सोमवारी आम्ही परगावी आहोत.) उरलेल्या सात टक्क्यांना, लेखक पिलूला योग्य न्याय देतील, असा भरवसा होता. लेखकाला तो नव्हता.

आकडे घरी पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळी लेकीने विचारलं, "आई, पिलू चालणार की मरणार?"

"अजून ठरायचंय."

"तिसरं काही नसतं का?"

बाईंनी नोकरीत असंख्य प्रश्न ऐकले होते, पण या प्रश्नाला रकाना नव्हता. कारण लेक पिलूबद्दल विचारत नव्हती.

विभागाचा नियम असा की एका माणसाचं मत म्हणजे किरकोळ मत, पण तेच शंभर जणांनी कळवलं की त्याला ‘कल’ म्हणतात आणि कल लेखकाकडे जातो. बाईंनी चार दिवस जेवणाच्या सुट्टीत, तीन पेनं आणि दोन्ही हात वापरून एकशेबारा पत्रं लिहिली. (डावा हात ज्येष्ठ नागरिकांसाठी.) सर्वांचा आशय एकच: पिलूने शाळेत जावं, त्याला कमी मार्क पडावेत आणि आईने त्याला झापावं. लेखक इतका टेकीला आला होता की त्याने कागदावर ‘धाडसी’ असा शेरा मारून तसाच भाग लिहिला.

त्या भागात पिलूला गणितात पन्नासपैकी अकरा मिळाले. आई म्हणाली, "अकरा? लाज नाही वाटत?" पिलू म्हणाला, "बारा होते. एक सरांनी कापला." मालिका संपली. घरात लेक हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेताला आली. "हसतेस काय, बिचारा आहे तो!" आजी ओरडल्या. बाईंना आठ महिन्यांत प्रथमच आपल्या खात्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "आठ महिने रडलो ते अकरा मार्कांसाठी?" "अशा मुलावर आई खेकसते, यातून आमच्या मुलांनी काय शिकायचं?" "हा शाळेत जाणार म्हणता, उद्या आमच्या मुलाच्या वर्गात आला तर? (मालिका उत्तम, रोज रडतो.)" पाच हजार तक्रारी. त्यातला एक आवाज बाईंच्या ओळखीचा निघाला: "शेवट काही पटला नाही. आमच्या घरात अशीच एक मुलगी आहे, म्हणून आम्हाला जास्त कळतं." बाईंनी सासूबाईंचं मत नियमाप्रमाणे नोंदवलं.

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "बाई, लोकांची मनं दुखावलीत. एकसष्ट अधिक बत्तीस किती?"

"त्र्याण्णव."

"मग त्र्याण्णव टक्के लोकांचं ऐकायला नको?"

असा सुधारित शेवट चित्रित झाला. पिलू उठला, चार पावलं चालला, आईच्या मांडीवर पडला आणि शांतपणे गेला. रविवारी. माफीचा मजकूर बाईंनाच लिहावा लागला: ‘मूल जसं आहे तसं दाखवल्याबद्दल वाहिनी दिलगीर आहे.’ प्रमुखांनी भाषेचं कौतुक केलं. बाईंना सही करताना इतकी शरम वाटली की त्यांनी ती डाव्या हाताने केली.

सुधारित शेवट आजींना फार आवडला. लेकीने पिलूची पावलं मोजली.

सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या ताई आल्या. दोन दांड्यांना धरून लेक गेल्या महिन्यात एक पाऊल टाकायची, आता तीन टाकते. त्या दिवशी ती तिसऱ्यावर थांबली.

"अगं, आज चौथं जमेल की," ताई म्हणाल्या.

"माहितीये," लेक म्हणाली. "म्हणूनच नको."

बाई दारात उभ्या होत्या. तीन पेनं आणि दोन हात इथे उपयोगाचे नव्हते. त्या लेकीजवळ जाऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तो भाग खोटा होता. कसा बनवतात ते मला माहितीये, मी तिथेच काम करते." चौथं पाऊल लेकीने त्या दिवशी टाकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

इथे तुमचा कंठ दाटला असेल तर संकोच करू नका, तुम्ही माणूस चांगले आहात. जूनपासून बाई लेकीला घराजवळच्या साध्या शाळेत घालणार आहेत. वर्गात एकच जागा रिकामी आहे, तुमच्या मुलाच्या शेजारची. मुख्याध्यापकांनी पालकांचं मत मागवलं आहे. कागद काल तुमच्या मुलाच्या दप्तरातून आला असेल, आणि त्यावर सही लागते.