नागू शिंप्याचा कावळा

नागू शिंप्याच्या पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. उन्हं वर आली, भात वाळून कडक झाला, भटजींची दोनदा तपकीर ओढून झाली, आणि नदीकाठच्या उंबरावर कावळ्यांची जी पंगत बसली होती ती बसूनच राहिली. मधूनच एखादा खाली यायचा, पिंडाभोवती चार उड्या मारायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत वर जायचा. मुलगी बघायला आलेल्या माणसांसारखं त्यांचं चाललं होतं.

"एरवी वाळवणातली एक कुरडई ऱ्हाऊ देत नायत मेले," नागूची बायको सोनुबाई म्हणाली. "ह्यांच्याच वक्ताला बरं ह्यांना मानपान सुचलं."

"जीव कशात तरी अडकलाय, बाई," भटजी म्हणाले.

"कशात अडकनार? घरात हाय काय अडकायला?"

आता एका शिंप्याच्या दहाव्याला एवढी माणसं नदीवर का जमली होती, ते सांगायला हवं. कर्जतच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी, तेव्हा डोंगर पोखरून बोगदा काढायचं काम चालू होतं. डोंगराच्या पोटातून पाणी खाली आणायचं आणि त्यावर वीज करायची, असं म्हणत. वीज मुंबईला जायची होती. अंधार इथंच राहायचा होता.

बोगद्यात हवा नसते. सुरुंग उडाला की धूर कोंडतो, आणि आतल्या माणसाला श्वास मिळाला नाही तर तो मरतो, एवढी साधी गोष्ट आहे. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी इंजिनावरचा पंखा बसवला होता, आणि पंख्यापासून थेट आतल्या खडकापर्यंत जाड मेणकापडाची नळी टांगली होती, माणूस रांगत जाईल एवढी रुंद. ती चपटी पडू नये म्हणून आत तारेची कडी होती. पंखा सुरू झाला की नळी फुगायची आणि आतल्यांना हवा मिळायची. पण कापड ते कापडच. त्याला उडालेले दगड लागत, उंदीर कुरतडत, पाझरानं ते कुजे. आधी लोहार आणला, त्यानं कपाळाला हात लावला. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की हे काम शिंप्याचं आहे. मग कर्जतच्या बाजारातला नागू शिंपी डोंगराचे कपडे शिवायला आला.

नागू काही देवमाणूस नव्हता. तिरसट होता, खोटारडा होता, आणि तोंडात सुया धरून बोलायचा, त्यामुळं त्याच्या शिव्याही अर्ध्याच बाहेर पडायच्या. दिवसा तो नळी शिवायचा आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या लोकांचे कपडे शिवायला घ्यायचा. घ्यायचा एवढंच. "पुढल्या बाजाराला देतो," हे त्याचं कायमचं उत्तर. कुणाला संशय आला नाही. शिंप्यानं कपडा वेळेवर दिला असता तरच लोकांना संशय आला असता.

सगळ्यांना वाटायचं, हा एक दिवस बोगद्यात धुरात सापडून जाणार. तो गेला घरी, खाटेवर, साध्या तापानं. त्याच्यामागं नळीला सुई लावणारं कुणी उरलं नाही, आणि ती अशी काही उसवत गेली की पंख्याची हवा अर्ध्या वाटेतच संपू लागली. परवा आत काम करणाऱ्या कमळ्याला बेशुद्ध पडलेला उचलून बाहेर आणला. तो शुद्धीवर आला, पण बायकोचं नाव आठवायला त्याला अजून वेळ लागत होता, आणि बायकोच्या मनाला ते फार लागलं होतं.

म्हणून आज सकाळी मुकादम धाऊनं सांगून टाकलं, "शिंप्याला कावळा शिवल्याबिगार आमी त्याच्या नळीखाली जायाचं नाय." सगळी पाळी कामावर जायची ती नदीवर आली. तिच्यामागून ओव्हरसियर दत्तोपंतही आले, कारण दुपारी साहेब पाहणीला यायचा होता आणि बोगदा रिकामा दिसला असता तर दत्तोपंतांची धडगत नव्हती. हातातली छत्री पाठीशी धरून ते कावळ्यांकडे बघत उभे होते. उशिरा आलेल्या मजुरांकडेही ते असेच बघत.

"काहीतरी बोला रे," ते म्हणाले. "कबूल करा काहीतरी. आटपा."

नागूला मूलबाळ नव्हतं. क्रियेला बसलेला पुतण्या चांगो पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "काका, काकीला मी अंतर देनार नाय."

कावळे ढिम्म.

"त्यांना ठावं हाय, तुला सोताचं पोट भरता येत नाय," सोनुबाई म्हणाली. "दुसरं काय तरी बोल."

चांगोला दुसरं काही सुचेना. मग कुणीतरी पिंडाजवळ विडी ठेवली. कुणीतरी सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला. तेवढ्यापुरते भटजी सूर्याकडे तोंड करून उभे राहिले. कावळ्यांनी बोंबलाकडेही पाठ फिरवली, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना पटलं.

तेवढ्यात धाऊची म्हातारी आई बुधी काठी टेकत पुढं आली. "नागूदादा," ती म्हणाली, "माज्या चोळीचं कापड तुज्याकडं हाय. त्यासाठी जीव नको रं टांगून ठेवू. सोडली चोळी. जा बाबा."

उंबरावर जरा फडफड झाली. एवढी आशा पुरे होती. लगेच कपडे सोडायची रांग लागली. धाऊनं सदरा सोडला. कमळ्यानं, काय सोडायचं ते बायकोला विचारून, बंडी सोडली. पदूनं लग्नासाठी पैरण शिवायला टाकली होती. लग्न त्या पैरणीवाचून होऊन त्याला मूलही झालं होतं, तरी त्यानं मोठ्या मनानं तिच्यावर पाणी सोडलं. कोंडीनं लुगड्याचा अर्धा भाग सोडला, कारण अर्धाच फाटला म्हणून शिवायला दिला होता. सगळे सोडून झाले आणि सगळे दत्तोपंतांकडे बघू लागले.

"तुमचाही कोट होता ना त्याच्याकडे?" भटजी म्हणाले.

"होता म्हणजे? आहे," दत्तोपंत म्हणाले. "काळं सर्जचं कापड आहे, मुंबईहून आणलेलं. वैशाखात आमच्या चारुलतेचं लग्न आहे. व्याह्यांसमोर मी काय सदऱ्यावर उभा राहू?"

"साहेबाची येळ व्हत आली, रावसाहेब," धाऊ म्हणाला.

दत्तोपंतांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा उंबराकडे. मग मुलीची पाठवणी करावी तशा आवाजात ते म्हणाले, "बरं. सोडला कोट."

एक थोराड कावळा खाली उतरला. पिंडाच्या अगदी जवळ आला. सगळ्यांनी श्वास रोखले. कावळ्यानं दत्तोपंतांना नीट निरखून पाहिलं आणि तो उडून गेला.

"म्हणजे उपयोग झाला नाही," दत्तोपंत म्हणाले. "मग सोनुबाई, कोट सुटला नाही असं धरू. कापड तेवढं संध्याकाळी पाठवून द्या."

"कापड घरी नाय," सोनुबाई म्हणाली.

"मग कुठं आहे?"

"नळीला."

दत्तोपंतांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

"त्यांनी तुमच्याकडं ताडपत्री मागितली, ठिगळं लावायला," सोनुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी म्हनलात, हाय त्यात भागवा. त्यांनी भागवलं. दुहेरी घडी घालून, वर मेन चोपडून. वळनावर काळं ठिगळ हाय ना मोठं, त्यो तुमचा कोट."

"आन् ते तांबडं?" पदूनं विचारलं.

"ती बुधीची चोळी. तिच्या म्होरं तुजी पैरण."

"माजा सदरा गं, वयनी?" धाऊ म्हणाला.

"तुज्या डोक्यावरच हाय. तू भोक पाडतोस तिथं. म्हनायचे, धाऊचा सदरा धाऊच्याच कामी आला पायजे."

धाऊ मटकन खाली बसला. महिनोन् महिने आपण त्या ठिगळाखाली उभे होतो, वर बघून नागूला सदऱ्यावरून शिव्या देत होतो, आणि ज्या हवेवर शिव्या देत होतो ती आपल्याच सदऱ्यानं अडवून धरलेली होती, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं आणि त्याला रडू कोसळलं. कोंडीनं डोळ्याला पदर लावला. ती वस्तीभर नागूला लुगडंचोर म्हणत हिंडली होती. सगळ्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं तरी कपडे गेले ते गेलेच, याचंही थोडं वाटलं. माणसाचं असंच असतं.

"ह्याचा जीव कापडात नाय," धाऊ नाक पुसत म्हणाला. "ह्याचा जीव नळीत हाय. रावसाहेब, नवी नळी आनायचं कबूल करा."

दत्तोपंत घाबरले. साहेबापुढं अडचण म्हणून न्यायची नाही, या एका गुणावर त्यांनी नोकरी टिकवली होती. साहेब दर खेपेला तोंडाशी उभा राहून विचारायचा, हवा ठीक? दत्तोपंत म्हणायचे, ठीक. यात दोघांचाही वेळ वाचायचा.

"बघतो," ते म्हणाले.

"'बघतो'ला कावळा शिवत नाही, दत्तोपंत," भटजी म्हणाले. त्यांना आता भूक लागली होती.

"वर कळवतो."

"वर तर ते सोता गेलेत," सोनुबाई म्हणाली. "तुमी काय कळवनार?"

दत्तोपंत भटजींच्या कानाशी लागले. "दर्भाचा कावळा करून शिववता येतो ना? शास्त्रात आहे म्हणे."

"आहे," भटजी म्हणाले. "पण तो बोगद्यात जाणाऱ्यांना चालायला हवा."

"नाय चालनार," धाऊ म्हणाला. बाकीचेही जागचे हलले नाहीत.

कमळ्या उन्हात बसून बायकोकडे बघत होता आणि तिचं नाव ओठांवर आणायचा प्रयत्न करत होता. दत्तोपंतांची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच राहिली. मग त्यांनी छत्री खाली ठेवली, पायातले जोडे काढले आणि हात जोडले.

"नागू," ते म्हणाले, "आज साहेबाला तोंडावर सांगतो. नवी नळी आणतो. ती येईपर्यंत एक माणूस आत जाणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं, पण ते निसटलं. आणि निसटलं तसा तो थोराड कावळा सरळ खाली आला आणि त्यानं पिंडात चोच घातली. त्याच्यामागून बाकीचे उतरले. पाहता पाहता पत्रावळीवर शीत राहिलं नाही, बोंबीलही राहिला नाही. लोकांनी हात जोडून नमस्कार केले. सोनुबाई आतापर्यंत रडली नव्हती, ती आता रडली.

दुपारी साहेब आला तेव्हा बोगदा रिकामा होता. दत्तोपंत तोंडाशी एकटे उभे होते. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: नळी फाटली, हवा पोचत नाही, एक माणूस मरता मरता वाचला, नवी नळी हवी. साहेब ऐकत राहिला. रागावला नाही. त्याला फक्त नवल वाटलं.

"नया नली?" तो म्हणाला. "वो तो दिवाली से करजत के मालगोदाम में पडा है. हम हर दफा पूछा, हवा ठीक? तुम बोला, ठीक. तो हम उधरही रखा."

एवढं बोलून साहेब चहा प्यायला गेला. दत्तोपंत तिथंच उभे राहिले. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी कर्जतहून बैलगाडी आली. गाडीत नवी कोरी नळी होती, मेणकापडाचा वास येत असलेली, एक ठिगळ नसलेली. वस्ती लोटली. काल शब्द दिला आणि आज नळी दारात, असा माणूस पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. धाऊनं नारळ फोडला आणि दत्तोपंतांच्या पायावर डोकं ठेवलं. बुधीनं त्यांची दृष्ट काढली. सोनुबाई आली, हात जोडून उभी राहिली.

"तुमी शबूद पाळलात, रावसाहेब," ती म्हणाली. "ह्यांनी जल्मभर तुमाला उगीच शिव्या घातल्या."

"सोनुबाई," दत्तोपंत म्हणाले, "ही नळी..."

"काय?"

तिच्यामागं सगळी वस्ती ऐकत उभी होती.

"काही नाही," दत्तोपंत म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं नाव झालं. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठंही पिंडाला कावळा अडला की लोक म्हणायचे, ओव्हरसियरसाहेबांना बोलवा, त्यांचा शब्द कावळ्याला चालतो. आणि दत्तोपंत जायचे. ताटावरून उठून जायचे, गुडघाभर चिखलातून जायचे, न बोलावता कळलं तरी जायचे. जोडे काढून परक्या माणसाच्या पिंडासमोर उभे राहायचे, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. ओळखपाळख नसलेल्या माणसासाठी इतकं रडणारा माणूस आजकाल मिळत नाही, असं लोक म्हणत आणि त्यांना आग्रहानं चहा पाजत.

ते काय पुटपुटतात हे कुणी विचारलं नाही. मंत्र असेल असं भटजींना वाटायचं. मंत्र नव्हता. मेलेला माणूस कुणीही असो, बाई असो, सावकार असो, दत्तोपंत त्याला एकच निरोप सांगायचे: "तिकडं नागू शिंपी भेटेल. त्याला सांगा, नळी दिवाळीपासून कर्जतला होती. मी विचारलं नाही." एवढं ऐकून घेतलं की बहुतेक वेळा कावळा शिवायचा.