ऑर्फाकाकूंचं मत

सप्टेंबरातल्या त्या सोमवारी टीव्हीवर नव्या मालिकांचा हंगाम सुरू झाला, आणि पहिला कार्यक्रम संपताच ऑर्फा टॉलफसन यांनी चष्मा नाकावर चढवून बहिणीला फोन लावला. बहीण, व्हर्ना, वृद्धाश्रमात कामाला. तिची पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. म्हणजे सगळ्या नव्या मालिका तिच्या डोळ्यांआड जाणार. "तू बघ आणि मला सांग," ती म्हणाली होती. "सुट्टीच्या दिवशी कुठली लावायची तेवढं कळलं की झालं." त्यासाठी तिने निरोप टिपून ठेवणारं यंत्रही घेतलं होतं. नवा फोन, नवा नंबर. शेवटचे आकडे सहा-चार. काकूंनी फिरवले चार-सहा.

पलीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला, "आत्ता इथे कुणी नाही. आवाज झाला की बोला."

'हा यंत्राबरोबर फुकट मिळाला असेल,' असं म्हणून काकूंनी घसा साफ केला.

"व्हर्ना, आज एक पोलीस आणि एक माकड होतं. दोघं मिळून चोर पकडतात. माकड चांगलं काम करतं. पोलिसाला आणखी शिकायला हवं. ठेवते."

बेल प्रेरी गावच्या शाळेत काकूंनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता. निम्मं गाव त्यांच्या पळीखालून मोठं झालं, पण वाढपाच्या खिडकीतून त्या फक्त "पुढचा" एवढंच बोलायच्या. नवरा, क्लॅरेन्स, होता तोवर तो बोलायचा. तो गेल्यावर तेही थांबलं. काकूंना कुठल्या गोष्टीबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारल्याला कैक वर्षं झाली होती. त्यामुळे मंगळवारचा निरोप जरा लांबला.

"श्रीमंतांचं घर आहे. द्राक्षांचे मळे. जेवायला आठ माणसं बसली, व्हर्ना, आणि बसल्या बसल्या भांडायला लागली. पाऊण तास! मधोमध एवढं मोठं भाजलेलं मांस, बाजूला बटाटे, आणि एक जण घास तोंडात घालील तर शपथ. सगळं गार झालं गं. माझ्याच्याने बघवेना. कुणाला खून करायचा तर करा म्हणावं, पण आधी जेवून घ्या."

बुधवारी विनोदी मालिका होती. "त्यात माणसं सारखी हसतात, पण दिसत नाहीत. मला वाटतं त्यांना दुसरंच काहीतरी दाखवत असणार. आणि त्यातली ती आई! मुलाने घर जाळलं तरी म्हणते, 'सुरेख!' अगदी आपल्या लुसील हॅगनसारखी. तिला उकडलेलं पायपुसणं वाढलंस तरी शुक्रवारच्या पेपरात लिहील, 'चव अविस्मरणीय.' बघते तरी का ती काही, देव जाणे."

लुसील हॅगन म्हणजे बँकेच्या मॅनेजरची बायको. गावच्या साप्ताहिकात टीव्हीवरचं अर्धं पान तीच लिहायची. अकरा वर्षांत तिला न आवडलेली मालिका निघाली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी वादळ आलं. एका दीपगृहात राहणाऱ्या विधुराची मालिका सुरू व्हायची होती, ती झालीच नाही. तासभर सगळ्या जिल्ह्याला पडद्यावर फक्त नकाशा दिसला आणि त्याच्यापुढे उभा असलेला हवामानवाला. काकूंनी इमानाने तोही निरोप ठेवला. "माणूस एकटाच होता, पण खिळवून ठेवलं त्याने. आता वादळ कुणाच्या कोठारावर जातंय, शेवटपर्यंत कळू दिलं नाही. या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं हेच. पुन्हा लागलं तर सोडू नकोस."

शुक्रवारी दुपारी काकू बटाटे सोलत होत्या. रेडिओवर डुकरांचे भाव चालू होते. भाव संपले, आणि निवेदक डेल म्हणाला, "आता वेन्डेलच्या पेंडीच्या दुकानातून एक खास भेट. हा आवाज कुणाचा, ओळखा बरं!"

"...आणि त्यातली ती आई! मुलाने घर जाळलं तरी म्हणते..."

काकूंच्या हातातला बटाटा सिंकमध्ये पडला. सबंध निरोप झाला. पायपुसणं आलं, देव जाणेही आलं. मागून पाऊसपाण्याचा अंदाज सुरू झाला.

त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर एकेक आकडा वाचत फिरवला. व्हर्ना कामावर निघायच्या तयारीत होती.

"बाईसाहेबांना वेळ मिळाला वाटतं," व्हर्ना म्हणाली. "पाच दिवस झाले. एक निरोप नाही! मी रोज ते यंत्र उघडते, आत शुकशुकाट."

"अगं, मी रोज बोलले!"

"कुणाशी?"

मग उलगडा झाला : चार-सहा हा वेन्डेलच्या दुकानाचा नंबर. व्हर्नाने निघण्याआधी दुकानात फोन करून खडसावलं, आणि संध्याकाळी वेन्डेल प्रोकपचाच फोन आला.

"काकू, रागावू नका हं. सोमवारी म्हटलं, कुणाचा तरी चुकून आलाय. मंगळवारी म्हटलं, थांबा, आणखी एक येऊ दे. बुधवारी दुकानात चाळीस माणसं होती सकाळी, काकू. चाळीस! त्यातल्या बाराच जणांकडे गुरं आहेत."

"अरे मेल्या, तुला मी सहा वर्षं जेवू घातलं. मला एक फोन करता आला नाही?"

"आवाजच ओळखला नाही ना! तुम्ही 'पुढचा' म्हणाला असता तर लगेच ओळखला असता." मग त्याने आवाज खाली केला. "एक गोष्ट आहे. लुसीलबाई गुरुवारी नवऱ्याबरोबर मिलवॉकी शहराला गेल्या होत्या. आज परत येताना गाडीत त्यांनी रेडिओ लावला. उद्या दहाला दुकानात येतायत. माफी हवीय म्हणतात, ती पण रेडिओवर. नाहीतर बँकेच्या जाहिराती बंद. डेल बिचारा हातपाय गाळून बसलाय."

त्या रात्री काकूंनी टीव्ही लावला नाही. माफी मागायची हे ठरलंच होतं. शब्द तेवढे जुळत नव्हते.

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोत्यांवर माणसं, दाराबाहेर माणसं. लुसील हॅगन निळा कोट घालून, हातात ताजा पेपर घेऊन उभी होती. डेलने ध्वनिक्षेपक पुढे केला.

"लुसीलबाई," काकू म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल बोलले, ते बोलायला नको होतं." त्या जरा थांबल्या. खोटं बोलायची सवय नव्हती. "म्हणजे, मोठ्याने बोलायला नको होतं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. लुसीलचे कान लाल झाले.

"ही माफी? अकरा वर्षं मी या गावासाठी डोळे फोडून टीव्ही बघतेय! आणि ही बाई म्हणते, बघते की नाही देव जाणे! ऐका सगळ्यांनी. परवाच्या मालिकेवर काय लिहिलंय मी, ते ऐका, आणि मग ठरवा." तिने पेपर उघडून ध्वनिक्षेपकाजवळ धरला. "'गुरुवारी रात्री दीपगृहाच्या त्या पायऱ्यांवर तो विधुर एकटा बसला, तेव्हा माझे डोळे पाणावले. असा सुरेख तास मी कित्येक वर्षांत अनुभवला नव्हता.' न बघता लिहिता येईल हे?"

पोत्यांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

काकूंना खरंच समजेना. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकतंय. "गुरुवारी?" त्यांनी हळूच विचारलं. "पण गुरुवारी तर वादळ होतं. तासभर नुसता नकाशा होता हो. तुमच्याकडे दीपगृह लागलं?"

लुसीलने पेपरकडे पाहिलं, मग गर्दीकडे. वेन्डेल एकदम पोत्यामागे खाली बसला, त्याचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. मग जो हशा फुटला, तो सगळ्या जिल्ह्याने रेडिओवर थेट ऐकला. वृद्धाश्रमात, व्हर्नाने नंतर सांगितलं, एका म्हाताऱ्याने दहा महिन्यांनी पहिल्यांदा टाळी वाजवली.

काकू मात्र हसल्या नाहीत. एकटीवर सगळे हसत असले की कसं वाटतं हे त्यांना आदल्या दिवसापासून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी लुसीलचा कोपर धरला, "पुढचा!" असं शाळेच्या खिडकीतल्या आवाजात ओरडून गर्दी दुभंगली आणि तिला बाहेर गाडीपर्यंत नेऊन सोडलं.

डेलने तिथेच विचारलं, "काकू, दर शुक्रवारी डुकरांच्या भावानंतर पाच मिनिटं तुमची. बोलाल?"

"दहा," काकू म्हणाल्या. स्वतःचं त्यांना आश्चर्य वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. "आणि डुकरांच्या आधी."

डेल कबूल झाला.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता काकूंची घंटा वाजली. दारात लुसील. निळा कोट नव्हता.

"आमच्याकडे हे बेसबॉल बघत बसतात," ती पायरीकडे बघत म्हणाली. "खरं सांगायचं तर गेली अकरा वर्षं. मला माहितीपत्रकं पाठवतात मालिकावाले, त्यातून मी..." ती अडखळली. "म्हटलं, या आठवड्यात एखादी बघावी. खरीखुरी."

"मग उभी काय राहिलीस? ये की आत," काकू म्हणाल्या. "सुरू होईल आता."

मालिका पॅरिसमधल्या एका नर्तकीची होती. दिवसा ती वकिली करायची. काकूंनी कॉफी दिली आणि गप्प बसल्या. अर्ध्या तासाने लुसीलच्या तोंडून सवयीने निघालं, "सुरेख..."

"काय सुरेख?"

लुसीलने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"पडदे," ती शेवटी म्हणाली. "खिडकीचे पडदे चांगले आहेत." आणि मग, एखादा घट्ट बूट काढावा तसा मोठा श्वास सोडून, "बाकी काय रटाळ आहे गं हे, ऑर्फा!"

"आहेच मुळी!" काकूंनी मांडीवर थाप मारली. दोघी इतक्या हसल्या की नर्तकीने खटला जिंकला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या शुक्रवारी साप्ताहिकात टीव्हीचं अर्धं पान जवळजवळ कोरं होतं. मधोमध लुसील हॅगनच्या नावाखाली एकच ओळ होती : 'सोमवारच्या नव्या मालिकेतले पडदे चांगले आहेत.' बाराच्या आत सगळा अंक संपला. रेडिओवर दहा मिनिटं बोलून काकू घरी आल्या, पाय वर घेऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच लुसीलचं लिखाण दोनदा वाचलं.