शिंपीकाकांचा पहिला चमचा

संध्याकाळी व्याही यायचे होते आणि शिंपीकाकांनी नेमकी दुपारी जीभ भाजून घेतली.

दोष म्हटला तर उत्साहाचा. गल्लीच्या टोकाचे कस्टर्डवाले आजोबा कढईत साखर वितळवत होते. "काका, जरा निवू द्या," असं ते म्हणालेही. पण पाहुणे यायचे, गल्लीची अब्रू पणाला लागलेली, काकांना कुठला धीर? त्यांनी उलथन्याच्या टोकावरची साखर थेट जिभेवर ठेवली. नंतर बराच वेळ त्यांना बोलता येईना, आणि बोलता यायला लागलं तेव्हा चव गेलेली होती. काकूंनी दिलेलं गार दूध नुसतं गार लागलं, दूध काही लागलं नाही.

दुसऱ्या कुणाची जीभ भाजली असती तर दोन दिवस कळ सोसून भागलं असतं. शिंपीकाकांची जीभ मात्र सगळ्या गल्लीच्या मालकीची होती. त्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंना गाड्या. कुणी समुद्राकडून आलेलं, कुणी डोंगरापलीकडून. सूप, तळलेले मासे, नूडल्स, भाजलेली कणसं आणि शेवटी कस्टर्ड. या सगळ्यांचा एक शिरस्ता होता. गाडी उघडायच्या आधी पहिला चमचा काकांकडे यायचा. काका शिलाई मशीन थांबवायचे, डोळे मिटून चाखायचे आणि बोटातलं अंगुस्तान, म्हणजे शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी, टेबलावर वाजवायचे. एकदा वाजलं की गाडी उघडायची. दोनदा वाजलं की काहीतरी कमी आहे. काय कमी ते काका सांगायचे, समोरचा "हो काका" म्हणायचा आणि लगबगीने परत जायचा.

"माझ्या मापात एखादे वेळी चूक होईल, चवीत नाही," असं काका गिऱ्हाइकांना सांगत. मापाबद्दल गिऱ्हाइकांचं दुमत नव्हतं.

व्याही घड्याळं दुरुस्त करायचे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. मुलीच्या लग्नात जेवताना ते सहज बोलून गेले होते, "खायचं ते आमच्या चौकातच. बाकी शहरात नुसतं पोट भरायचं." हे काकांच्या फार जिव्हारी लागलं. मुलीच्या पाठवणीला सगळे डोळे पुसत होते तेव्हा काका, व्याह्यांना सूपपासून सुरुवात करून द्यावी की माशापासून, या विचारात होते. तेव्हापासून त्यांनी व्याह्यांना इतकी निमंत्रणं दिली की शेवटी व्याहीच म्हणाले, "येतो बाबा एकदाचा."

आणि आज ते येणार होते.

सूपवाली मावशी चमचा घेऊन आली. काकांनी डोळे मिटले, सूप तोंडात घोळवलं. जिभेवर काहीतरी ओलं आहे एवढंच कळलं. आता सांगावं तर काय? जीभ भाजली म्हणावं तर गल्लीत बोभाटा होणार, त्यातून व्याह्यांच्या कानावर जाणार. बरं, एकदा वाजवावं आणि नेमकं आजच मीठ कमी असलं तर? काकांनी दोनदा वाजवलं.

"मीठ. जरासं."

"हो काका," मावशी म्हणाली आणि गेली.

तिच्या मागोमाग मासेवाला आला. त्याच्या एका हातात अख्खी कढई मावायची आणि बोलणं सगळं गर्जनेत. काकांनी माशाचा तुकडा चावला, तोंडात कुरकुर आवाज झाला, बाकी शून्य. मावशीला दोनदा वाजवलं होतं, आता हाताला तीच सवय लागली. त्यालाही मीठ, नूडल्सलाही मीठ, कणसालाही मीठ. कस्टर्डला अर्थातच साखर.

काकू पडद्याआडून हे ऐकत होत्या. शेवटचा चमचा गेल्यावर त्या बाहेर आल्या.

"अहो, सगळ्यांनाच मीठ कमी?"

"आजच्या दिवशी कमी पडून उपयोगी नाही."

"आणि आधीच बरोबर असलं तर? तुमचं ऐकून त्यांनी वरून आणखी घातलं तर?"

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर ज्या गल्लीचे पोवाडे गायले ती अख्खी गल्ली आपण एका दुपारीत खारट करून ठेवली. पायात चप्पल सरकवून ते सगळ्यांना थांबवायला धावले, तो दारातच व्याही उभे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, वेळेच्या आधी हजर.

"चला व्याहीबुवा," व्याही म्हणाले, "सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय. कुठून सुरुवात?"

"आधी घरात बसू. पाणी घ्या. माझा नवा कोट बघा, शिवतोय तो."

"कोट काय खायचाय?" म्हणत व्याही सूपच्या गाडीकडे वळलेसुद्धा.

"सूप नको," काका मागून म्हणाले. "उकाडा फार आहे."

"बरं, मग मासे."

"काटे असतात हो."

"काटे मी काढतो ना. छोट्या घड्याळाचे काढतो, माशाचे काय घेऊन बसलात?"

"तेलकट असतात पण. त्यापेक्षा आपण चालून येऊ. पुढे बाग छान आहे."

व्याही थांबले. त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. "व्याहीबुवा, वर्षभर फोन करकरून बोलावलंत. आता मला बाग दाखवून उपाशी परत पाठवायचा बेत आहे का?"

व्याह्यांनी सूपच्या गाडीपाशी बाक ओढलं. मावशीने वाफाळतं वाडगं पुढे ठेवलं. व्याह्यांचा हात पोचायच्या आत काकांनी ते उचललं आणि घोटभर पिऊन टाकलं. आपली जीभ आज कामाची नाही हे त्यांना घोट गिळल्यावर आठवलं.

"कसं आहे?" व्याह्यांनी विचारलं.

"गरम आहे," काका म्हणाले.

माशाच्या बशीचंही तेच झालं. पहिला तुकडा व्याह्यांच्या बोटांतून काकांच्या तोंडात गेला. व्याही काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "विहीणबाई, लग्नात तर हे असे नव्हते. तब्येत बरी आहे ना?"

"आजच जरा बिघडली आहे," काकू म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

अखेर व्याह्यांनी वाडगं आपल्याकडे घेतलं आणि काकांकडे पाठ करून खायला लागले. काका त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. पाठ हलेना. मग चमचा भरभर चालू लागला. वाडगं रिकामं झालं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. मग मासे, मग नूडल्स. कणीस खाताना तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. चेहऱ्यावर खारट काही खाल्ल्याची खूण नव्हती. काकांना हे कोडं सुटेना. व्याही कस्टर्डकडे गेल्याबरोबर ते सूपच्या गाडीमागे शिरले.

"मावशी, मीठ किती घातलंत?"

"कसलं मीठ?"

"मी दुपारी सांगितलं ते."

मावशी पदराला हात पुसू लागली. मग म्हणाली, "घातलं नाही काका."

"का, आज विसरलात?"

"आज नाही. कधीच घातलं नाही." ती ओशाळली होती, पण आता बोलणं भाग होतं. "तुम्ही म्हणता, आम्ही हो म्हणतो. माझ्या आईची चव आहे ही, ती कशी बदलू?"

काकांनी मासेवाल्याकडे पाहिलं. एरवी गर्जणारा तो माणूस कढईत तोंड घालून नसलेला मासा परतत होता. काकांना काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. गल्ली वाचली म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच जिवाला ठेचही लागली होती.

"मग तो चमचा रोज कशाला आणता?"

"मी गाडी लावली त्या दिवशी माझ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं," मावशी म्हणाली. "तुम्ही मशीन सोडून आलात. अख्खं वाडगं संपवलंत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं 'वा' म्हणालात. तेव्हापासून तुमच्या तोंडाला लागल्याशिवाय पातेल्याचं झाकण काढवत नाही मला. सगळ्यांचं तसंच आहे."

तेवढ्यात व्याही तोंड पुसत आले.

"व्याहीबुवा, हरलो. असं आमच्या चौकात नाही. हे जमवलं कसं?"

"सगळं काकांच्या जिभेवर चालतं," मासेवाला गर्जला. त्याने काकांकडे बघायचं मात्र टाळलं.

"नाही हो," काका म्हणाले, "सगळं यांच्या हाताचं आहे. मी आपला पहिला चमचा खाणारा."

"बघा," व्याही काकूंना म्हणाले, "एवढं करून वर हा विनय. आमच्याकडे चाखणारं माणूसच नाही, तिथेच आम्ही कमी पडतो." वर्षभर जे ऐकायला काका आसुसले होते ते हे, आणि ऐकताना त्यांची नजर आपल्याच चपलांवर होती. तरी रात्री काकूंना ते म्हणालेच, "काही म्हण, गल्ली आपली आहे खरी."

जीभ ताळ्यावर यायला पुढचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मावशी चमचा घेऊन आली. व्याह्यांनी चौकात जाऊन केलेल्या बोलबाल्यामुळे गर्दी वाढली होती आणि तिची धांदल उडाली होती. काकांनी डोळे मिटले, आणि लगेच उघडले. अंगुस्तान दोनदा वाजलं.

"मीठच नाही."

"हो काका," मावशी म्हणाली आणि गेली.

या 'हो काका'चा अर्थ आता काकांना ठाऊक होता. ते उठले, काकूंच्या ओट्यावरची मिठाची बरणी काखेत मारली आणि थेट गाडीवर गेले. त्यांनी मावशीच्या हातात पळी दिली. मावशीने सूप चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. मग गुपचूप बरणी घेतली आणि मूठभर मीठ पातेल्यात सोडलं.

काका दुकानात येऊन मशीनवर बसतात न बसतात तो मासेवाला आला. मावशीने मीठ सोडलेलं त्याने आपल्या गाडीवरून पाहिलं होतं; मघाशी दिलेल्या तुकड्याला एकदा वाजलं होतं, तरी तो दुसरा तुकडा घेऊन उभा होता. काकांनी सावकाश चावून खाल्ला आणि पुन्हा एकदाच वाजवलं.

मासेवाला हलला नाही. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "नक्की बरोबर आहे ना?"

इतक्या वर्षांत हे त्यांना आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.